वाचनालयातल्या जुन्या पीसीवर फिरणारा क्यूब कशाला?

पाचपाखाडी_वाचक

विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत सिस्टिमबद्दल परवा खारघर_१२ यांनी 'लिनक्स देखणं करा, लोक आपोआप येतील' असं लिहिलं. ते कुणालाही लिनक्स बसवून देताना केडीई प्लाझ्मा हे सजावटीचं डेस्कटॉपच देतात, आणि पारदर्शक पॅनल, ओढताना लचकणाऱ्या खिडक्या, फिरणारा क्यूब (वेगवेगळे डेस्कटॉप ठोकळ्याच्या बाजूंवर फिरवून दाखवणारा इफेक्ट) असं सगळं चालू करूनच मशीन हातात देतात. 'आधी डोळ्यांत भरलं पाहिजे, बाकीचं माणूस शिकतो,' हे त्यांचं वाक्य. खाली 'एकच नंबर'च्या रांगा लागल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आमच्या वाचनालयात लोक जुने पीसी आणून देतात. मशीन धडधाकट, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ घेत नाही. आम्ही काहीजण रविवारी बसून त्यावर लिनक्स टाकतो आणि वाचकांसाठी ठेवतो. त्यातलं एक मशीन असंच कुणीतरी सजवून दिलेलं आलं. त्यावर एक निवृत्त काका बसले, सोसायटीच्या देखभाल खर्चाचा तक्ता घेऊन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. वॉलपेपरला मासुंदा तलावाचा रात्रीचा फोटो, पॅनल पारदर्शक, आणि घड्याळाचे पांढरे आकडे नेमके तलावाकाठच्या दिव्यांवर आलेले. किती वाजले ते दिसेना. तक्ता खाली न्यायचा तर स्क्रोलबार सापडेना, कारण माउस कडेला नेल्याशिवाय तो दिसतच नाही. खिडकी बाजूला करायला गेले तर ती लचकली, थरथरली, आणि त्यांनी माउसच सोडून दिला. मला म्हणाले, "बिघडलं का हो काही?"

पडद्यावरची वस्तू विनाकारण हलली की बिघाड झाला असं वाटणं अगदी रास्त आहे. शिकायचं त्यांनी काय? लचकण्याकडे दुर्लक्ष करायला?

हा झगमगाट आजचा नाही. २००६ च्या सुरुवातीला नोव्हेल कंपनीने एक्सजीएल आणि कॉम्पिझ ही इफेक्टची सॉफ्टवेअरं बाहेर काढली, मग कॉम्पिझमधूनच बेरिल फुटून निघालं, आणि उबुंटू या लिनक्सच्या ७.१० आवृत्तीत तर इफेक्ट आपोआप चालू होऊन येऊ लागले. तेव्हा जो तो पाहुण्यांना क्यूब फिरवून दाखवायचा. पाहुणे 'वा' म्हणायचे आणि घरी जाऊन विंडोजच लावायचे. दुकानाला रोषणाई केली म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, माल बघून येतं.

माझं म्हणणं एवढंच: दुसऱ्यासाठी मशीन बसवताना सगळे इफेक्ट बंद ठेवा, खिडक्या जोडून पडद्यावर दाखवणाऱ्या कम्पोझिटरसकट. ज्याला हौस असेल तो लावून घेईल.

खारघर_१२

काकांना त्रास झाला याचं वाईट वाटलं, पण ते मशीन मी दिलेलं नाही. माझ्या नावावर खपवू नका.

माझा अनुभव ऐका. भाची अकरावीला. तिच्या लॅपटॉपवर आधी मी एक्सएफसीई हे साधं डेस्कटॉप टाकून दिलं. हलकं, चपळ, सगळं तुमच्या मनासारखं. आठवडाभरात लॅपटॉप कपाटात. विचारलं तर म्हणाली, "मामा, हे बँकेतल्या कॉम्प्युटरसारखं दिसतं. मैत्रिणींसमोर उघडायला लाज वाटते." मग प्लाझ्मा टाकला, तिच्या आवडीचे रंग लावले, क्यूब चालू केला. तेव्हापासून ती त्यावर काम करते आहे आणि आता पायथन प्रोग्रामिंगही त्याच मशीनवर शिकते आहे. ती आली ती दिसण्यामुळे. दिसणं हाही वापराचाच भाग आहे. तुमच्यासारखे लोक बंद करा, काढून टाका, राखाडी करा असं म्हणत राहतात आणि मग तरुण मुलं फिरकत नाहीत म्हणून रडतात.

आणि लोकांना क्यूब नको असता तर केडीईने तो मधे काढून टाकल्यावर २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये परत आणलाच नसता.

ऐरोली_रात्रपाळी

दोघेही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करताय. कम्पोझिटर म्हणजे इफेक्ट नव्हे. तो खिडक्या आधी पडद्याआड रंगवून घेतो आणि मग एकत्र जोडून दाखवतो, म्हणून व्हिडिओ पाहताना चित्र मधूनच फाटत नाही. वेलँडवर, म्हणजे पडदा दाखवायच्या नव्या पद्धतीत, तर कम्पोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, तो बंद करायची सोयच नाही. उबुंटूने २५.१० पासून ग्नोम डेस्कटॉपचं जुन्या पद्धतीचं एक्स११ सेशन काढून टाकलं आहे. म्हणजे 'कम्पोझिटरसकट बंद करा' हा सल्ला लवकरच निरुपयोगी होणार.

जड होतं ते कधी? एक, ब्लर. पॅनलमागचं चित्र बदललं की तेवढा भाग पुन्हा पुन्हा धूसर करावा लागतो, आणि जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ते लगेच जाणवतं. दोन, ड्रायव्हर नीट लागला नाही तर एलएलव्हीएमपाइप सुरू होतं, म्हणजे ग्राफिक्सचं सगळं काम सीपीयूच्या डोक्यावर. तेव्हा पंखा ओरडतो आणि लोक इफेक्टना शिव्या घालतात. आधी ड्रायव्हर तपासा.

राहिलं ॲनिमेशन. खिडकी मिनिमाइझ केली की ती खाली टास्कबारमध्ये आकसत जाते, ती शोभेसाठी नाही. ती कुठे गेली हे डोळ्यांना कळतं. ॲनिमेशन पूर्ण बंद केलं की खिडकी फट्कन नाहीशी होते आणि नवखा माणूस 'माझी फाइल गेली' म्हणून ओरडतो. तुमच्या काकांना लचकणं नको, पण आकसणं हवंच आहे. मात्र ते क्षणभरात संपलं पाहिजे. साधारण ०.१ सेकंदाच्या आत उत्तर मिळालं तर ते लगेच मिळालं असं माणसाला वाटतं, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलंय.

अजून एक. कॉम्पिझमध्येच पडदा मोठा करून बघायची आणि रंग उलटे करायची सोय होती, तीही त्याच यंत्रणेच्या जोरावर. ज्याला तुम्ही झगमगाट म्हणता त्याच्या पोटातूनच कमी दिसणाऱ्यांचा भिंग निघाला.

कळवा_लोकल

मला कुणी केडीई ४.० बद्दल का विचारत नाही? जानेवारी २००८. ३.५ सारखं घट्ट बसलेलं डेस्कटॉप बाजूला सारून चमचमणारे विजेट दिले आणि नंतर म्हणाले की ही आवृत्ती सगळ्यांसाठी नव्हतीच. मग २०११ ला ग्नोम ३ आलं, त्यात मिनिमाइझचं बटणच गायब. त्याच महिन्यात उबुंटू ११.०४ मध्ये युनिटी हे नवं डेस्कटॉप. तीन वर्षांत तीन वेळा सवयी मोडल्या आमच्या. त्या रागातूनच मेट आणि सिनॅमन ही जुन्या वळणाची डेस्कटॉप जन्माला आली. इफेक्ट हे निमित्त हो, खरा रोग म्हणजे वापरणाऱ्याला न विचारता घराची रचना बदलायची.

सारसोळे

मी सहसा लिहीत नाही, पण इथे सगळे आवडनिवडीवर बोलताय.

मला व्हेस्टिब्युलर मायग्रेन आहे, म्हणजे चक्कर आणणारी अर्धशिशी. पडद्यावर मोठी वस्तू सरकली, झूम झाली, की पोटात ढवळतं आणि मग दोन-तीन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं. ऑफिसात मला मशीन बदलून दिलं, त्यावर आमच्या उत्साही सहकाऱ्याने सगळे इफेक्ट लावलेले. वर्कस्पेस (दुसरा डेस्कटॉप) बदलला तर अख्खा पडदा आडवा सरकत गेला. मी टेबलाला धरून बसले. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, सवय होईल."

सवय होत नाही, दादा. हा मेंदूच्या तोल सांभाळण्याच्या यंत्रणेतला आजार आहे.

ग्नोममध्ये ॲक्सेसिबिलिटीत ॲनिमेशन कमी करायचा खटका आहे, केडीईत वेग 'तत्काळ'पर्यंत नेता येतो. उत्तम. पण तो खटका कुठे आहे हे शोधताना मधे चार खिडक्या सरकतात, त्याचं काय? खारघर_१२, तुम्ही मशीन देताना समोरच्याला विचारता का? पाचपाखाडीकर, तुम्ही तरी विचारता का? ऐरोलीकर, तुमचं 'आकसणं हवंच' मला नको आहे. मला खिडकी फट्कन गेलेली चालते.

ऐरोली_रात्रपाळी

सारसोळे ताई, 'हवंच' हा शब्द मागे घेतो. बाकी मुद्दा कायम.

वर्तकनगर_डीटीपी

क्यूब, ब्लर, ॲनिमेशन. मराठीचं नाव कुणी घेतलं का?

माझ्याकडे वकिलांची, सोसायट्यांची कामं येतात. लिनक्सवर एक छान पातळ टायटलबारची थीम बसवून दिली होती कुणी. फाइलचं नाव 'कुलमुखत्यारपत्र'. टायटलबारमध्ये खालचे उकार कापले गेले आणि दिसलं 'कलमखत्यारपत्र'. वर रफार असला तर तोही अर्धा. ज्यांनी थीम बनवली त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या उंचीने पट्टी कापली. आपल्या अक्षराला डोक्यावर आणि पायाखाली जागा लागते हे त्यांच्या गावीही नाही. ही खरी वापरण्याची अडचण, आणि तुम्ही जेलीसारख्या लचकणाऱ्या खिडक्यांवर भांडताय.

टायपिंगचं तर विचारूच नका. माझा हात टाइपरायटरवर रेमिंग्टन कळफलकाला बसलेला. लिनक्सवाले सांगतात इन्स्क्रिप्ट हा दुसरा कळफलक शिका.

खारघर_१२

फोनेटिक वापरा की, इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवायचं. मी गमभन या फोनेटिक साधनाने लिहितो, भाचीही लिहिते. रेमिंग्टन हट्टाने धरून बसायचं आणि दोष लिनक्सला द्यायचा, हे बरं आहे.

वर्तकनगर_डीटीपी

हट्ट? दिवसाला पानंच्या पानं काढावी लागतात, पोट त्यावर आहे. तुम्ही चार ओळींची पोस्ट लिहिणार आणि मला वेग शिकवणार? फोनेटिकवर एका अक्षराला तीन कळा दाबत बसलो तर महिनाअखेरीला दुकानाचं भाडं तुम्ही भरणार आहात का?

कळवा_लोकल

डीटीपीवाल्यांशी मी शंभर टक्के सहमत. तरी इन्स्क्रिप्टला नावं ठेवू नका. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं, एकदा हात बसला की बघावं लागत नाही. 'दऱ्या' लिहायला शिफ्ट-जे, मग डी, मग य. अर्धा र बरोब्बर येतो. फोनेटिकवाल्यांची 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत कायम गफलत.

खारघर_१२

माझी होत नाही. 'दऱ्या'. घ्या, लिहिलं.

ऐरोली_रात्रपाळी

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. नोटो सान्स देवनागरी या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पण सिस्टिमची किंवा मजकुराची भाषा मराठी ठेवली नाही तर हिंदी वळणाचेच दिसतात. बसवताना भाषा इंग्रजी किंवा हिंदी ठेवून नंतर फक्त कीबोर्ड मराठी केला की हे होतं. आणि प्लाझ्माच्या वेलँडवर फिसिटिक्स ५ (fcitx5) हे मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर ते निवडावं लागतं. नुसतं इन्स्टॉल करून चालत नाही. निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

टायटलबारचं डीटीपीवाले म्हणतात ते खरं आहे. तो थीमचा दोष आहे आणि कळवल्याशिवाय तो सुटणार नाही.

पाचपाखाडी_वाचक

विषय कुठून कुठे गेला, पण यातून माझं म्हणणंच पक्कं होतं. पातळ टायटलबार, पारदर्शक पॅनल, लपणारा स्क्रोलबार या सगळ्याचं मूळ एकच. आधी चित्र सुंदर करायचं आणि वाचणाऱ्याचा विचार नंतर. मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं, हा वेबसाठीचा जुना नियम आहे. पारदर्शक पॅनलवर तो पाळणार कसा, मागचा फोटो तर रोज बदलतो. ॲपललाही लिक्विड ग्लास हे काचेसारखं पारदर्शक रूप आणल्यावर आयओएस २६.१ मध्ये कमी पारदर्शक छटेचा पर्याय द्यावा लागला.

कम्पोझिटर वेगळा, हे मान्य. तो राहू दे. सारसोळे ताईंचा प्रश्न मात्र मला लागला. आम्ही कुणालाच विचारत नव्हतो, बंद करून देत होतो. यापुढे मशीन देताना विचारू. पण न विचारता द्यायची वेळ आली तर बंदच. चालू असल्याने माणूस आजारी पडतो, बंद असल्याने फारतर कंटाळतो.

खारघर_१२

फारतर कंटाळतो, आणि मशीन कपाटात ठेवतो. तो भाग तुम्ही सोयीस्करपणे गाळलात.

तरी वाचनालयातल्या सार्वजनिक मशीनवर क्यूब नसावा, एवढं कबूल. तिथे कोण येऊन बसेल ते आधी माहीत नसतं. लचकणंही काढा. पण ज्याचं स्वतःचं मशीन आहे त्याला मी देखणंच देणार, विचारून देणार, आणि खटका कुठे आहे तेही दाखवून देणार. राखाडी पडदा म्हणजे साधेपणा, हे मला कधीच पटणार नाही.

सारसोळे

खटका आधी दाखवा, क्यूब नंतर. क्रम तेवढा पाळा.

पाचपाखाडी_वाचक

आमच्याकडे या रविवारपासून पॅनल अपारदर्शक, ॲक्सेसिबिलिटीतून स्क्रोलबार कायम दिसतील असे, ॲनिमेशन बंद, आणि सिस्टिमची भाषा मराठी. खारघरकर, पटत नसलं तरी येऊन बघा, ट्रान्स-हार्बर लोकलने तासाभराचं काम आहे.

वर्तकनगर_डीटीपी

टायटलबारची उंची राहिली त्यात.

ऐरोली_रात्रपाळी

डीटीपीवाले, थीमचं नाव, फाँटचा आकार आणि कापलेल्या उकारांचा स्क्रीनशॉट पाठवा. बग मी टाकतो, इंग्रजीत लिहायचं काम माझं. पण स्क्रीनशॉटमधलं नाव कुठल्या अशिलाचं नसेल असं बघा.

वर्तकनगर_डीटीपी

रात्री दुकान बंद केल्यावर पाठवतो. आणि रेमिंग्टनबद्दल मी एक शब्दही मागे घेतलेला नाही.