अनुभव सांगा: पहाटेचं चालणं आणि पाकिटाची मागची बाजू

आई गेली आणि माझी झोपच उडाली. रात्री दोनला उठून बिस्किटांचा डबा रिकामा करायचा, सकाळी त्याचाच राग यायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर खाली लिहिलं, ‘रोज 30 मिनिटे भरभर चालणे.’ गोळ्या घेतल्या, चालणं मात्र दोन महिने टाळलं. मग एका पहाटे कंबर तलावाच्या कडेनं निघाले. उन्हाळा होता, सातनंतर सोलापुरात चालणं अवघडच. पहिले काही दिवस फक्त पाय दुखले. तिसऱ्या आठवड्यात सलग पाच तास झोप लागली, उठल्यावर मी घड्याळ दोनदा बघितलं. गोळ्या पुढे डॉक्टरांनीच कमी केल्या, मी मनानं नाही.

चालणं असो की खाऊच्या पाकिटाची मागची बाजू वाचणं, तुम्हाला काय उपयोगी पडलं ते लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा.

अक्कलकोट रोड, यंत्रमाग कामगार
बारा तास उभं असतो, त्यामुळं व्यायाम होतोच की, असं वाटायचं. पण मागाचा आवाज घरी आल्यावरही कानात असायचा आणि पोरांवर चिडायचो. आता पाळीनंतर सायकल काढतो, भुईकोट किल्ल्याच्या बाजूनं फिरून घरी येतो. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. पोरगं आता दारात थांबतं माझ्यासाठी, आधी आत पळायचं.

सात रस्ता, शिक्षिका
पाचवीच्या मुलांना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगितली. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं, एवढंच आधी शिकवलं. एका बिस्किटाच्या पाकिटावर पुढे गव्हाच्या लोंब्या होत्या. मागे पहिलंच नाव ‘रिफाइंड गव्हाचं पीठ’, म्हणजे मैदा. दुसरं साखर, आणि खाली इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप ही तिचीच भावंडं. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग गहू फक्त चित्रातच?’ त्या पाकिटात 100 ग्रॅमला 28 ग्रॅम साखर होती. मुलांनी चमचे मोजले. 4 ग्रॅमचा एक धरला तर सात. मी चमच्यानं साखर काचेच्या ग्लासात टाकत गेले आणि वर्ग गप्प झाला.

होटगी रोड
वडिलांना बीपी आहे. भाजीत मीठ कमी केलं होतं, तरी आकडा उतरेना. मग फरसाणाचं पाकीट उलटं केलं. वडील हसले, ‘काय करलालास रे, पाकीट वाचतोस?’ 100 ग्रॅमला सोडियम 900 मिलिग्रॅम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. पाकीट 200 ग्रॅमचं आणि ते दोन दिवसांत संपायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. आता घरी भाजलेले शेंगदाणे असतात, खारे नाहीत. कुरकुर चालू आहे, पण खातात.

> विषय काढणारी मी एक सांगते, ‘प्रति सर्व्हिंग’चा, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणाचा, आकडा बघून फसू नका. सर्व्हिंग 20-30 ग्रॅमची धरलेली असते. दोन पाकिटं ताडून बघायची तर 100 ग्रॅमचा रकाना बघा.

कुमठा नाका
मला चालण्यानं बरं वाटलं नाही, म्हणून लिहितोय. अंथरुणातून उठणंच होत नव्हतं, आणि येणारा-जाणारा म्हणायचा, ‘जरा फिरून ये, बरं वाटेल.’ त्यानं अपराधीच वाटायचं. आधी उपचार लागले. एका रात्री बहिणीनं टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, 14416 वर फोन लावून दिला. तो नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी ती मला दवाखान्यात घेऊन गेली. औषध लागू पडायला काही आठवडे गेले. त्यानंतर व्यायाम सुरू केला, तो म्हणजे खोलीतून फाटकापर्यंत. काल कोपऱ्यावरून दुधाची पिशवी मी आणली.