ग्राप्पा बहुतेक वेळा वायनरीत गाळलेली नसते

ग्राप्पा ही इटलीची कडक दारू. 'वायनरीची स्वतःची ग्राप्पा म्हणजे उरल्यासुरल्याची दारू' हे मत मला अर्धंच पटतं. ती वाइन करून उरलेल्या द्राक्षाच्या चोथ्यापासूनच होते, हे खरं. पण बाटलीवर वायनरीचं नाव असलं तरी ती बहुधा तिथे गाळलेली नसते. चोथा परवानाधारक डिस्टिलरीकडे जातो आणि तिथून ग्राप्पा परत येते. म्हणून लेबलावर डिस्टिलरी कोणती ते जरूर बघा. चोथा ताजा पोचला की नाही यावर निम्मी चव ठरते. लाल वाइनचा चोथा आधीच आंबलेला असतो, त्यामुळे लगेच गाळता येतो. पांढरीचा मात्र आधी आंबवावा लागतो, आणि तिथेच हलगर्जीपणा झाला की वास बिघडतो.

आणि 'उरलंसुरलं' म्हणाल तर १९७३ साली ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भागातल्या नोनिनो कुटुंबाने (ते वाइनवाले नव्हेत, पिढीजात डिस्टिलर) फक्त पिकोलित या एकाच जातीच्या द्राक्षाचा चोथा वेगळा गाळला. या जातीच्या घडाला दाणेच मोजके धरतात, म्हणजे चोथा किती मिळणार! तोवर सगळ्या जातींचा चोथा सर्रास एकत्रच गाळला जाई. पहिल्यांदा घेणार असाल तर लाकडी पिंपात न मुरवलेली घ्या, द्राक्षाचा वास तिच्यातच नीट कळतो. आणि बर्फ नको.