राइट बंधूंचे १९०३ चे विमान: १४ डिसेंबरचा फसलेला टेकऑफ आणि मालकीचा लांबलेला प्रवास

नभोयात्री

राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाची १७ डिसेंबर १९०३ ही तारीख आपण शाळेपासून पाठ केलेली असते. मात्र त्याच्या तीनच दिवस आधी, सोमवारी १४ डिसेंबरला, याच द्विपंखी विमानाने विल्बरला घेऊन, ज्यावरून ते सोडले जाई तो लाकडी रूळ सोडला होता आणि काही क्षणांत ते वाळूत आदळले होते, याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेला दिसतो. या प्रसंगाला अपघात म्हणायचे की पहिले उड्डाण, आणि त्यात दोष विमानाचा होता की चालवणाऱ्याचा, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. अमेरिकेत जन्मलेले हे विमान १९२८ ते १९४८ अशी वीस वर्षे लंडनमध्ये होते. ते तिथे कसे गेले, त्या काळात त्याचा कायदेशीर मालक कोण होता आणि आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जे दिसते त्यातले मूळचे किती, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वातकुक्कुट

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. त्या दिवशी किटी हॉकजवळच्या किल डेव्हिल हिल्स भागात वारा मंद होता आणि सपाटीवरून सुटण्याइतका वेग मिळेल याची खात्री नव्हती. म्हणून बंधूंनी जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरील माणसांच्या मदतीने सहाशे पौंडांहून जड असलेले यंत्र टेकडीवर ओढून नेले आणि सुमारे नऊ अंशांच्या उतारावर आपला साठ फुटी लाकडी रूळ मांडला. आधी कोणी उडायचे याची नाणेफेक विल्बरने जिंकली. ऑर्व्हिल पंखाचे टोक सावरत बाजूने धावू लागला, पण उतारामुळे विमानाने इतका वेग घेतला की त्याला थोड्याच अंतरानंतर ते सोडून द्यावे लागले.

पुढे जे झाले त्याला आजच्या भाषेत सरळ स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल संपणे, म्हणता येईल. रूळ सुटताच विल्बरने पुढचे आडवे सुकाणू (नाक वर-खाली करणारे) गरजेपेक्षा जास्त वळवले, नाक वर गेले, विमान सुमारे पंधरा फुटांपर्यंत चढले आणि चढता चढता त्याचा वेग संपला. डावा पंख आधी टेकला, विमान गर्रकन फिरले आणि घसरपट्टीचा दांडा वाळूत रुतून मोडला. रुळाच्या टोकापासून अंतर १०५ फूट; ऑर्व्हिलच्या हातातील घड्याळात साडेतीन सेकंद. मोडतोड मुख्यतः घसरपट्टी आणि पुढच्या सुकाणूची होती, आणि १६ तारखेच्या दुपारपर्यंत दुरुस्ती पूर्ण झाली.

दोष कोणाचा, याचे उत्तर विल्बरने स्वतःच त्या दिवशी घरी लिहिलेल्या पत्रात दिले आहे: इंजिनाची ताकद भरपूर आहे, चूक झाली ती या यंत्राचा आणि सुटण्याच्या या पद्धतीचा अनुभव नसल्यामुळे. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते, पण पूर्ण वाटत नाही. हे सुकाणू त्याच्या मध्याच्या फार जवळ तोललेले होते, त्यामुळे एकदा वळवायला सुरुवात केली की ते आपणहून आणखी वळू पाही. ऑर्व्हिलने १७ तारखेच्या उड्डाणाबद्दल लिहिताना हीच अडचण नोंदवली आहे. शिवाय सुकाणू पुढे आणि गुरुत्वमध्य बराच मागे, अशा रचनेचे विमान नाक वर-खाली होण्याच्या बाबतीत मुळातच अस्थिर असते. ग्लायडरवर शेकडो वेळा हवेत गेलेल्या माणसालाही अशा यंत्राशी पहिल्या दोन-तीन सेकंदांत जुळवून घेणे कठीणच होते.

उड्डाण म्हणायचे का, याबाबत बंधूंची कसोटी कडक होती. विमानाने माणसाला घेऊन स्वतःच्या शक्तीने उचलले जावे, वेग न गमावता पुढे जावे आणि जिथून निघाले तितक्याच उंचीच्या जागी उतरावे. उतारावरून निघून पायथ्याशी संपलेले १४ डिसेंबरचे साडेतीन सेकंद या कसोटीत बसत नाहीत, आणि त्यांनी ते बसवण्याचा प्रयत्नही केला नाही. १७ तारखेला समोरून ताशी वीस मैलांहून अधिक वेगाचा वारा होता, म्हणून तोच रूळ सपाटीवर मांडता आला. पाळी आता ऑर्व्हिलची होती: १२ सेकंद, १२० फूट.

जुनी पाने

मालकीची हकिकत गुंतागुंतीची आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

१७ डिसेंबरच्या चौथ्या उड्डाणानंतर (विल्बर, ५९ सेकंद, ८५२ फूट) जमिनीवर उभे असलेले विमान वाऱ्याच्या झोताने उलटेपालटे झाले आणि पुन्हा कधीच उडाले नाही. ते खोक्यांत भरून ओहायोतील डेटनला गेले. १९१२ मध्ये विल्बर विषमज्वराने गेला, आणि १९१३ च्या मार्चमधील महापुरात ही खोकी पाण्याखाली आणि चिखलाखाली गेली. १९१६ मध्ये ऑर्व्हिलने ती उघडून, दुरुस्ती करून, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नव्या इमारतींच्या उद्घाटनप्रसंगी विमान पहिल्यांदा लोकांसमोर मांडले.

ते स्मिथसोनियनकडे, म्हणजे आज ज्या संस्थेच्या वॉशिंग्टनमधील संग्रहालयात ते आहे तिच्याकडे, तेव्हाच का गेले नाही, हा खरा प्रश्न आहे. या संस्थेचे सचिव सॅम्युअल लँगली यांचे 'एरोड्रोम' हे विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी, दोन्ही वेळा सुटतानाच पोटोमॅक नदीत पडले होते. १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस या विमाननिर्मात्याने, जो त्या वेळी राइटांच्या पेटंटविरुद्ध न्यायालयात लढत होता, स्मिथसोनियनच्या संमतीने आणि पैशाने ते बाहेर काढले, त्यात अनेक बदल केले आणि न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्टच्या सरोवरावरून थोडेसे उडवले. बदलांची वाच्यता न करता संस्थेने ते पुन्हा मूळ रूपात आणले आणि माणसाला घेऊन उडण्याची क्षमता असलेले जगातील पहिले विमान अशी पाटी लावून ठेवले. आपल्याच विमानाचा फसलेला टेकऑफ फूट आणि सेकंदांसकट नोंदवून ठेवणाऱ्या माणसाला ही पाटी किती लागली असेल! ऑर्व्हिलने दुरुस्तीची मागणी केली, वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि अखेर १९२८ मध्ये विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिले.

मात्र हे देणे उसने होते. कायदेशीर मालक ऑर्व्हिलच राहिला, आणि त्याने मृत्युपत्रात अशी तरतूद केली की त्याने लेखी कळवून निर्णय बदलला नाही तर विमान लंडनलाच राहावे. दुसऱ्या महायुद्धात ते लंडनबाहेर सुरक्षित भूमिगत जागी हलवण्यात आले. १९४२ मध्ये स्मिथसोनियनचे सचिव चार्ल्स अॅबट यांनी १९१४ चे बदल जाहीरपणे मान्य केले आणि जुना दावा मागे घेतला. त्यानंतर, १९४३ च्या डिसेंबरमध्ये, ऑर्व्हिलने युद्ध संपल्यावर विमान परत हवे असल्याचे लंडनला कळवले. ३० जानेवारी १९४८ रोजी तो वारला तेव्हा ही गोष्ट फारच थोड्या लोकांना ठाऊक होती.

नभोयात्री

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे स्मिथसोनियनला विमान वारसदारांनी दान दिले का? आणि त्यासोबत काही अट होती असे ऐकले आहे, ती नेमकी काय?

जुनी पाने

दान नव्हे, विक्री. किंमत एक डॉलर. 'मॉरिटानिया' या जहाजाने विमान नोव्हेंबर १९४८ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सला उतरले, करार २३ नोव्हेंबरचा आहे आणि १७ डिसेंबर १९४८ रोजी, बरोबर पंचेचाळीस वर्षांनी, ते वॉशिंग्टनमध्ये समारंभपूर्वक मांडले गेले. अट अशी की स्मिथसोनियनने किंवा तिच्या उत्तराधिकारी संस्थेने १९०३ च्या आधीचे कोणतेही विमान माणसाला घेऊन, स्वतःच्या शक्तीने, नियंत्रित उड्डाण करण्यास समर्थ होते असे विधान करू नये. केल्यास विमान वारसांकडे परत जावे.

या अटीमुळे संस्था बांधली गेली अशी टीका होते, विशेषतः राइटांच्या आधीच उडाल्याचा दावा ज्याच्या नावे केला जातो त्या गुस्ताव्ह व्हाइटहेडच्या समर्थकांकडून. तत्त्वतः इतिहास करारात बांधू नये हे मलाही पटते, पण १९१४ ची पाटी डोळ्यांसमोर ठेवली तर वारसांनी ही काळजी का घेतली हेही पटते. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या गिरगाव चौपाटीवरील प्रयोगाचे नाव या अटीच्या संदर्भात कधीकधी घेतले जाते. परंतु ती कथा ज्या स्वरूपात सांगितली जाते त्यातही विमान निर्मनुष्य होते, त्यामुळे माणूस वाहून नेण्याबद्दलची ही अट तिला लागूच होत नाही.

यंत्रवेडा

मूळचे किती, हा भाग राहिला. स्प्रूस आणि अॅश लाकडाचा सांगाडा बहुतांशी मूळचा आहे, पण वारंवार दुरुस्त झालेला. कापड मात्र आजचे मूळ नाही: १९२७ मध्ये, लंडनला पाठवण्यापूर्वी, ऑर्व्हिलच्या देखरेखीखाली त्याच प्रकारची मलमल नव्याने चढवली गेली, आणि १९८५ च्या सुमारास संग्रहालयाने ती पुन्हा बदलली. १९०३ च्या कापडाचे तुकडे जपून ठेवलेले आहेत. त्यांतले काही १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर नेले, आणि एक 'इंजेन्युइटी' या हेलिकॉप्टरवर बसून मंगळावर गेला आहे. इंजिनाचा दांडा आणि गतिचक्र १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी दिले होते, ते परत आलेच नाहीत.

वातकुक्कुट यांच्या मुद्द्याला एक जोड. १७ डिसेंबर २००३ रोजी शताब्दीनिमित्त त्याच जागी, अतिशय काटेकोरपणे बनवलेल्या प्रतिकृतीने हजारो लोकांसमोर उडण्याचा प्रयत्न केला. वैमानिक प्रशिक्षित होता आणि सरावात हीच प्रतिकृती उडालीही होती. त्या दिवशी पाऊस होता आणि समोरून पुरेसा वारा नव्हता. विमान रुळावरून सुटले, नाक किंचित उचलले आणि ते पाण्याच्या डबक्यात बसले. बारा अश्वशक्तीच्या या यंत्राला समोरचा वारा किती आवश्यक होता, हे त्यावरून दिसते. विल्बरकडे १४ तारखेला तो वारा नव्हता, म्हणून त्याने उतार वापरला. आणि उताराने दिलेला वेग सांभाळण्याचा सराव करायला त्याला साडेतीन सेकंदच मिळाले.