नाव मोठं पण बघितल्यावर "ठीकाय" – मराठवाड्यात असं काय काय आहे?

दिवाळीत पुण्याचे पाहुणे यायलेत, त्यांना संभाजीनगर फिरवायचंय. वेरूळचं टेन्शन नाही, कैलास लेणं बघून तोंडात बोट घालतातच. प्रश्न बाकीच्याचा. पाणचक्की बघून आमचा मेव्हणा म्हणला "एवढंच?" आणि बीबीच्या मकबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच लोक ताजमहाल काढायलेत. काय गाळू, मोकळं सांगा.

गोदाकाठचा
पाणचक्की गाळू नका ओ, फक्त चक्की दाखवायला म्हणून नेऊ नका, जातं ते जातंच, त्यात काय बघायचं. काही किलोमीटरवरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणलंय, ते भिंतीतनं वर चढवून हौदात पाडलंय आणि त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत, हे आधी सांगा, नाहीतर माणूस हिरवट पाणी अन् मासे बघून माघारी फिरतो.

उस्मानपुऱ्यातली
मकबरा ताजसारखा नाहीच, त्यावर काय भांडायचं. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि वर घुमटाला, मधे काळा दगड अन् त्यावर चुन्याचा गिलावा. लांबून फोटो काढला की फिका दिसतो, खरंय. पण भिंतीजवळ जाऊन गिलाव्यातली वेलबुट्टी बघा, मला तरी संगमरवरापेक्षा तीच आवडते. दुपारी मात्र नेऊ नका, ऊन डोळ्यावर येतं, मग कुणाला काय आवडणार!

तुळजापूरवाला
आमच्याकडं नळदुर्गचा नर-मादी धबधबा. बोरी नदीला पाणी असलं तर लई भारी, नसलं तर नुसती दगडी भिंत. फोटो सगळे पावसाळ्यातले असतात आणि लोक येतात मे महिन्यात, मग आम्हालाच नावं ठेवतात. दिवाळीत यायचं असलं तर आधी इथल्या कुणाला तरी फोन करून विचारा.

पैठणकर
नाथसागरचं धरण गाळा बिनधास्त. दहा किलोमीटरचा मातीचा बांध, मोठा आहे पण बघायला काय, बांधच, पोरं गाडीतच झोपतात. हिवाळ्यात पक्षी बघायचे असले तर गोष्ट वेगळी, तेपण दुर्बीण असली तर. त्यापेक्षा पैठणीचे माग दाखवा, बायका दोन तास हलत नाहीत (खिसा सांभाळा).

मूळ प्रश्नवाला
बरं, मकबरा संध्याकाळी, पाणचक्कीला मी आधी भाषण देतो, धरण कॅन्सल. आता नान-खलिया (नान अन् मटणाचा रस्सा) कुठं खाऊ घालू ते सांगा, मेव्हणा खायला लई चिकित्सक आहे.