ट्रान्सफॉर्मर्स वन: मेगाट्रॉन खरंच घाईत घडला का?

निळी शाई

सिनेमा पाहायचा राहिला असेल तर इथेच थांबा. खाली शेवटापर्यंतचं सगळं कथानक उघड केलं आहे.

रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांचा, जॉश कूलीने दिग्दर्शित केलेला २०२४ चा 'ट्रान्सफॉर्मर्स वन' मी तीनदा पाहिला. ज्यांच्याशी बोलले त्यातल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच: ओरायन पॅक्सचा जिवलग मित्र डी-१६ बघता बघता खलनायक मेगाट्रॉन होतो, ते पटत नाही. मला ही तक्रार मान्य नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. सायबरट्रॉन ग्रहाच्या पोटात आयाकॉन नावाचं शहर आहे. तिथले खाणकामगार एनर्जॉन, म्हणजे या यंत्रमानवांचं इंधन, खणून काढतात. रूप बदलायला छातीत जो कॉग लागतो, तो त्यांच्याकडे नाही. राज्य सेंटिनल प्राइमचं. क्विंटेसन्स या परग्रहवासी शत्रूंशी झालेल्या युद्धात बाकीचे प्राइम, म्हणजे ग्रहाचे मूळ नेते, मारले गेले, त्यांच्याकडचं नेतृत्वाचं दैवी मॅट्रिक्स हरवलं आणि तेव्हापासून एनर्जॉन आपोआप वाहायचं थांबलं, असं सगळ्यांना शिकवलेलं आहे. ओरायन, डी-१६, एलिटा-१ आणि बी-१२७ हे चौघं ग्रहाच्या पृष्ठभागावर पोचतात तेव्हा वाचलेला एक प्राइम, अल्फा ट्रायन, त्यांना खरं काय ते सांगतो. प्राइमांचा घात सेंटिनलनेच केला. खणलेलं एनर्जॉन तो क्विंटेसन्सना खंडणी म्हणून देतो. आणि कामगार कॉगशिवाय जन्मलेलेच नाहीत, त्यांचे कॉग डोळे उघडण्याआधीच काढून घेतलेले आहेत.

आता त्या स्टिकरकडे बघा. सुरुवातीला ओरायन डी-१६ला मेगाट्रॉनस प्राइमचं एक दुर्मीळ स्टिकर आणून देतो. डी-१६चं ते दैवत. मित्राने दिलेली भेट तो कौतुकाने अंगावर मिरवतो. पुढे सेंटिनलच्या हाती सापडल्यावर तोच चेहरा त्याच्या छातीवर डागला जातो. शेवटी चेहऱ्याची ती खूण मेगाट्रॉनच्या डिसेप्टिकॉन फौजेची ओळख होऊन बसते. भेट, डाग आणि झेंडा, तिन्ही एकाच चिन्हाचे. ज्या पटकथेत एवढीशी वस्तू इतकं ओझं वाहते, ती घाईत लिहिलेली असेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. ओरायनने नियम मोडायचे, संकट ओढवून घ्यायचं आणि डी-१६ने कुरकुरत त्याला बाहेर काढायचं, ही त्यांची रीत पहिल्या प्रसंगापासून आहे. आपण हसतो आणि विसरून जातो. शेवटी ओरायन कड्यावर त्याच्या हाताला लोंबकळत असतो, आणि तुला वाचवणं आता संपलं, अशा अर्थाचं बोलून डी-१६ हात सोडतो. त्या वाक्यामागे आधीचे सगळे विनोदी प्रसंग उभे आहेत. तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसरी घंटा

स्टिकरचं निरीक्षण सुंदर आहे, पण मी तुमच्याशी सहमत नाही. बी पेरलं म्हणजे झाड वाढलं असं होत नाही.

मी हौशी नाटकं बसवतो. पात्र बदलतं ते तालमीत सर्वांत आधी कुठे दिसतं माहीत आहे? त्याच्या गप्प बसण्यात. अल्फा ट्रायन सत्य सांगतो त्या क्षणाला डी-१६ संतापतो आणि तिथून पुढे फक्त संतापतच राहतो. मग सेंटिनलच्या हस्तक एअरॅक्निडचा हल्ला, पळापळ, प्राइमांच्या जुन्या रक्षकदलाची, हाय गार्डची छावणी, पुन्हा हल्ला. सिनेमा १०४ मिनिटांचा आहे. त्यात आयाकॉन ५००० ची शर्यत आहे, कचऱ्याच्या तळघरात बी-१२७ची बडबड आहे, नवे कॉग मिळाल्यावर धडपडत रूप बदलायची लांबलचक गंमत आहे. हे सगळं मला आवडलं. पण दोन मित्र शेजारी बसले आहेत, एकाला कळतंय की दुसरा हातचा चाललाय आणि त्याला शब्द सापडत नाहीत, असा एक निवांत प्रसंग मला हवा होता. शर्यतीतली पाच मिनिटं त्यासाठी खुशाल गेली असती.

कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो ते उत्तररंगातलं आख्यान ऐकणाऱ्याच्या मनात रुजावं म्हणून. इथे पूर्वरंग भरघोस झाला आणि आख्यान मात्र धावत उरकलं.

गारगोटी

मूळकथा सांगणाऱ्या सिनेमाची अडचण वेगळी असते, ती दोघांनीही लक्षात घेतलेली नाही. डी-१६ मेगाट्रॉन होणार आणि ओरायन नायक ऑप्टिमस प्राइम होणार, हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. म्हणजे 'पुढे काय' ही उत्कंठा मुळातच उपलब्ध नाही.

माझं आजोळ कुडाळचं. लहानपणी रात्र रात्र जागून दशावतार पाहिला आहे. आख्यानातला राक्षस मरणार हे पोराटोरांनाही माहीत असायचं, तरी मंडळी पहाटेपर्यंत हलायची नाहीत. माहीत असलेल्या शेवटाकडे कोणत्या वाटेने नेतात, ते बघायचं असतं. या सिनेमाची वाट मला आवडली, कारण तो सेंटिनलचं बिंग फार ताणून धरत नाही. चाणाक्ष प्रेक्षकाला पहिल्या भाषणातच संशय येतो, आणि पटकथेला त्याची फिकीर नाही. खलनायक कोण, हे तिचं रहस्यच नाही. एकच सत्य दोघांनी एकाच क्षणी ऐकलं, तर दोघं दोन दिशांना का गेले, हा तिचा प्रश्न आहे.

द्रोण आणि द्रुपद आठवा. एकाच आश्रमातले सवंगडी. दरबारातला एक अपमान आणि त्यातून पिढ्या जाळणारं वैर. तिथेही व्यासांनी मधला निवांत प्रसंग लिहिलेला नाही, तिसरी घंटा.

तिसरी घंटा

तिथे मधे वर्षं गेली आहेत, गारगोटी. द्रोणाला अर्जुन घडवून गुरुदक्षिणा मागण्याइतका वेळ मिळाला. डी-१६ला किती मिळाला? माझी हरकत तेवढीच आहे.

वर्धाकाठ

माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या भूमिगत खाणीत होते, त्यामुळे या सिनेमाची पहिली वीस मिनिटं मी फार वेगळ्या नजरेने पाहिली.

खाणीत दरड कोसळते तेव्हा नियम सांगतो की बाहेर पडा. ओरायन थांबतो आणि अडकलेल्या जॅझ या सहकाऱ्याला सोडवतो. त्याची शिक्षा कोणाला होते? एलिटाला. वरिष्ठ तिची जागा काढून घेतो. हा प्रसंग लिहिणाऱ्याला खाण कळली आहे. तिथे एकाच्या धाडसाची किंमत पाळीतल्या दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, हे मी घरात ऐकत मोठा झालो.

आता डी-१६कडे बघा. तो नियम पाळणारा आहे. व्यवस्थेवर, सेंटिनलवर त्याची मनापासून श्रद्धा आहे. ओरायनची ती कधीच नव्हती. पहिल्याच प्रसंगात तो मॅट्रिक्सचा सुगावा लागतो का ते बघायला अभिलेखागारात चोरून शिरलेला असतो. म्हणून सत्य कळल्यावर ओरायनचं फारसं काही जात नाही, उलट त्याच्या मनातली शंका खरी ठरते. डी-१६चं मात्र आयुष्यभराचं इमान एका मिनिटात खोटं ठरतं. माझे वडील कधी आवाज चढवून बोलले नाहीत. साहेबाने सांगितलेला शब्द ते शेवटपर्यंत पाळत आले, आणि निवृत्तीच्या वेळी हिशेबात आपल्याला फसवलं गेलंय हे कळल्यावर ते ज्या तऱ्हेने बोलले, ते मी विसरू शकत नाही. त्यांना त्या टोकाला जायला एक दुपार पुरली. म्हणून घाई झाली असं मला वाटत नाही.

पण निळी शाई, माझी खरी तक्रार पुढची आहे. सेंटिनलला मारून त्याच्याकडचा मेगाट्रॉनसचा कॉग घेतल्यावर मेगाट्रॉन एकदम शहरच उद्ध्वस्त करायला का निघतो? त्या शहरात त्याच्यासारखेच कामगार राहतात. तोवर त्याचा राग रास्त होता, आणि बऱ्याच प्रेक्षकांना तो ओरायनपेक्षा जवळचा वाटत होता. पटकथेला याची भीती वाटली. रास्त रागाला उत्तर देणं अवघड, म्हणून त्या रागाला दोन मिनिटांत विध्वंसाचं रूप दिलं आणि नायकाचं काम सोपं करून टाकलं. मित्र दुरावतो तो भाग घाईचा नाही. मित्र गुन्हेगार ठरतो तो भाग घाईचा आहे.

गारगोटी

हे पटलं. मी इतकी वर्षं मेगाट्रॉन म्हणजे जुलमी असंच धरून चाललो होतो, त्यामुळे ती उडी खटकलीच नाही. शेवट माहीत असण्याचा हा तोटा म्हणायला हवा. पटकथेने जी पायरी गाळली, ती मी माझ्याच आठवणीतून भरून काढली.

निळी शाई

वर्धाकाठ, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. इमानाचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता, आणि माझ्या बाजूने तो माझ्या दोन्ही मुद्द्यांपेक्षा भक्कम आहे.

शहराच्या बाबतीत मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. त्याची थोडी तयारी हाय गार्डच्या छावणीत दिसते. डी-१६ त्यांच्या म्होरक्याला, स्टारस्क्रीमला, हरवतो आणि सगळे त्याच्यापुढे झुकतात. जन्मभर मान खाली घालून काम केलेल्याला ताकदीची चव पहिल्यांदा तिथे लागते. त्याच्या डोळ्यांचा पिवळा रंग टप्प्याटप्प्याने लालसर होत जातो, तेही बघण्यासारखं आहे. पण स्टारस्क्रीमला लोळवणं आणि स्वतःच्या लोकांची वस्ती पाडणं यांत फार अंतर आहे, हे मान्य.

तिसरी घंटा

वर्धाकाठ, एका दुपारचं तुमचं म्हणणं मी नाकारू शकत नाही. मी शब्द बदलतो. बदलायला वेळ कमी मिळाला असं नाही, तो बदल बघायला आम्हाला वेळ कमी मिळाला. तुम्ही घरात होतात. तुम्ही तो चेहरा पाहिलात.

आणि ओरायनच्या बाजूचं कोणीच बोललेलं नाही. तो खोल कोसळतो, ग्रहाच्या गाभ्यात त्यांचा निर्माता देव प्रायमस त्याला मॅट्रिक्स देतो, तो ऑप्टिमस होऊन वर येतो. नायकाला देवाने उचलून वर ठेवलं. डी-१६ने जे मिळवलं ते स्वतःच्या हाताने मिळवलं, मग ते कितीही वाईट असो. रचनेच्या दृष्टीने मला हा फार मोठा असमतोल वाटतो.

निळी शाई

इथे मात्र मी ठाम आहे. पहिल्या प्रसंगात तो मॅट्रिक्स शोधत असतो आणि ते सापडत नाही. शेवटी तो शोधत नसतो. ज्याने फसवलं त्या सेंटिनलला मारू नये म्हणून तो मित्राच्या माऱ्यासमोर स्वतः उभा राहतो, आणि त्यासाठी मरतो. मॅट्रिक्स मिळतं ते त्यानंतर. प्रायमसने दिलं हे खरं, पण ज्याच्यासाठी दिलं तो निर्णय ओरायनने वरच घेऊन झाला होता.

वर्धाकाठ

तो निर्णय मोठाच. पण वर आल्यावर ऑप्टिमस मेगाट्रॉनला आणि हाय गार्डला हद्दपार करतो. ना सुनावणी, ना कोणी विचारलं की तुझं म्हणणं काय. सेंटिनलला चौकशीशिवाय मारू नका असं ज्याने जीव देऊन सांगितलं, त्यानेच मित्राला चौकशीशिवाय बाहेर काढलं. तिथे समोर सगळे खाणकामगार उभे होते. त्यांतल्या एकाने तरी पुढे येऊन म्हणायला हवं होतं, की हा कालपर्यंत आमच्या पाळीत होता.