अबोला धरलेला मित्र : तुमचे अनुभव लिहा

काल 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' (२०२२) पुन्हा पाहिला. १९२३ सालचं आयरिश बेट, पलीकडच्या किनाऱ्यावर यादवीच्या तोफा. पॉड्रिक रोजच्यासारखा दुपारी २ वाजता कोलमला (तांदूळ नव्हे, माणूस) पबात न्यायला येतो. कोलम घरातच, पण ढिम्म. का? तर आता तू आवडत नाहीस, बस्स. मला फिडल वाजवायचंय, आणि तू परवा २ तास गाढवाच्या लिदीबद्दल बोलत होतास. यावर पॉड्रिकचा बाणेदार खुलासा: गाढवाच्या नव्हे, तट्टाच्या! पुढे तर कोलम बजावतो, बोललास की दर वेळी माझं एक बोट कापीन. फिडल वाजवणारा माणूस हो!

भांडणतंटा न होता कुणी तुमच्याशी बोलणं टाकलंय? की तुम्हीच टाकलंत?

निरोप्या: आमच्या चाळीतले दोन काका गणपतीच्या वर्गणीवरून १९९८ पासून बोलत नाहीत. मेंढीकोट मात्र रोज खेळतात, तेही भिडू म्हणून. "याला सांग, उतारी त्याची आहे." सांगणारा मी. समोरचा हातभर अंतरावर. एकदा मी मुद्दाम गप्प राहिलो, तर दोघांनी मिळून मला झापलं.

मधली: एकजण बोटं कापतो, तर पॉड्रिकची बहीण शिवॉन सरळ बोट पकडते. सगळ्या बेटावर तीच एक शहाणी. मीही दोन मैत्रिणींच्या मध्ये होते. नाशिकला बदली मागून घेतली.

८.१२ची: इथे सगळे पॉड्रिकच्या बाजूचे दिसताय. मी कोलम आहे. ११ वर्षं एकच लोकल, एकच मैत्रीण, आणि एकच विषय: तिच्या जाऊबाई. मागच्या महिन्यात काही न सांगता पुढच्या डब्यात चढायला लागले. शांतपणे पुस्तक वाचेन म्हटलं. अर्धं पान झालं असेल. तिसऱ्या दिवशी तिने फलाटावर गाठलं. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली. तर तिने माझा जुना स्टीलचा डबा हातात ठेवला आणि निघून गेली. लख्ख घासलेला. आत चार लाडू. डबा रिकामा परत करू नये ना.

धागाकर्ता: कसले लाडू?

८.१२ची: रव्याचे. एक अजून फ्रीजमध्ये आहे.