सतरा वर्षांच्या मुलीचा गर्भपात: सही कोणाची?

रानजाई

मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते, त्यातली बरीचशी प्रसूती विभागात. एक प्रसंग निवृत्त झाल्यावरही डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

सतरा वर्षांची मुलगी मावशीचा हात धरून आली होती. आठवा आठवडा चालू होता. आई ती लहान असतानाच गेलेली, वडिलांनी दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा संसार मांडलेला. पाचवीपासून मुलगी मावशीकडेच. मावशी सही करायला तयार होती. आमच्याकडून उत्तर गेलं, वडिलांना आणा आणि त्यांचं आधार कार्डही आणा. मावशी म्हणाली, "अहो सिस्टर, त्याला कळलं तर तो हिला जिती ठेवायचा नाही." दोघी गेल्या. परत आल्या तेव्हा सतरावा आठवडा लागला होता आणि मुलगी तापाने फणफणली होती. मधे कोणीतरी कसल्यातरी गोळ्या दिल्या होत्या. आठव्या आठवड्यात गोळ्यांवर भागलं असतं, तिथे आता तिला आठ दिवस दाखल ठेवावं लागलं. ती वाचली.

नंतर मी कायदा मिळवून वाचला. १९७१ च्या गर्भपात कायद्यात अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, हे खरं. पण पालक म्हणजे कोण, तर अल्पवयीन व्यक्तीची देखभाल करणारी व्यक्ती. आई-वडीलच हवेत असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे त्या मावशीची सही चालत होती. तिला परत पाठवणाऱ्यांत मी होते आणि मला हे माहीत नव्हतं.

माझं मत सरळ सांगते. देखभाल करणाऱ्या कोणाचीही सही रुग्णालयांनी घेतलीच पाहिजे. आणि सोळा पूर्ण झालेल्या मुलीला, विश्वासातलं एक मोठं माणूस सोबत असेल तर, स्वतःच्या सहीवर गर्भपात करून घेता यावा. त्यासाठी कायदा बदलावा.

दोन_मुलींचा_बाबा

ताई, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे, पण हे मला अजिबात पटलेलं नाही.

माझ्या मोठीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या. शाळेच्या सहलीला सही लागते. आणि गर्भपातासारख्या गोष्टीला बापाला विचारायचंही नाही? रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला तर घरात कोणाला काही माहीत नसताना ती पोर कोणाला उठवणार?

दुसरं म्हणजे, सोळा वर्षांची मुलगी गरोदर राहते तेव्हा बऱ्याचदा तिच्याशी कोणीतरी वाईट वागलेलं असतं. त्या माणसाला काय हवं असतं? घरच्यांना कळू नये हेच. आपण कायद्यानेच त्याची सोय करायची का? तुम्ही सांगितलेला बाप नालायक असेल, पण एका नालायक बापासाठी बाकीच्या सगळ्या बापांना दाराबाहेर उभं करू नका. मला कळलंच नाही तर मी लेकीला जवळ कसं घेणार?

डॉक्टर_तालुका

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी माझं छोटं हॉस्पिटल आहे. सहीवर चर्चा चालली आहे, पण माझ्या टेबलावर अडतं ते सहीपाशी नाही.

२०१२ साली पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आला आणि संमतीचं वय अठरा झालं. त्याआधी दंड संहितेत ते सोळा होतं. म्हणजे १९७१ चा कायदा झाला तेव्हा सतरा वर्षांची मुलगी मर्जीने गरोदर राहिली तर तो गुन्हा नव्हता. आज तो गुन्हा आहे, मुलगा तिच्याच वर्गातला असला तरी. आणि मला कळलं की पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माझ्यावर बंधनकारक आहे. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिस आले की गर्भाचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवायचा, एमएलसी (पोलिसी प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद) करायची, जबाब द्यायचे. पोलिसांचं नाव काढल्याबरोबर आईवडील मुलीला उठवून चालू लागतात. आई-वडील दोघंही सही करायला बसलेले असताना हे झालेलं मी पाहिलं आहे.

२९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली. मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. पण ही गोष्ट ठाण्यातल्या हवालदारापर्यंत पोहोचलेली नसते. "मॅडम, नावाशिवाय गुन्हा कसा नोंदवू?" हे मी स्वतः ऐकलं आहे. निकालाची प्रत छापून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, तीच पुढे करते.

रानजाई, मावशीची सही चालते हे बरोबर. तरीही मी वडिलांना आणा म्हणेन, कारण उद्या तो बाप चार माणसं घेऊन काचा फोडायला आला तर मावशी मला वाचवणार नाही. हे योग्य आहे असं म्हणत नाही. असं होतं, एवढंच सांगते.

अ‍ॅड_सोलापूर

मूळ धाग्यातला एक मुद्दा मला धोक्याचा वाटतो. "देखभाल करणारी व्यक्ती" ही व्याख्या रुंद आहे म्हणून ती चांगली, असं ताई धरून चालल्या आहेत. मावशी चांगली होती म्हणून निभावलं. पण मुलगी काकाकडे राहत असेल आणि करणारा काकाच असेल तर? काकाच देखभाल करणारा, काकाच सही करणारा, आणि गर्भाबरोबर पुरावाही गेला.

२०१७ ची चंदीगडची दहा वर्षांची मुलगी आठवा. अत्याचार करणारा जवळचा नातेवाईक होता. पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडे नेलं तेव्हा गरोदरपण कळलं, तोवर सर्वोच्च न्यायालयालाही नाही म्हणावं लागलं, कारण बत्तीस आठवडे झाले होते. ऑगस्टमध्ये सिझेरियन झालं. तिथे आईवडिलांना वेळेत कळलं असतं तर बरं झालं असतं, नाही का?

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती कोणीच मांडलेली नाही. गर्भपात कायद्याचं कलम ३(४) नीट वाचा. सज्ञान बाईसाठी तिची संमती हवी, अल्पवयीन मुलीसाठी पालकाची. मुलीची स्वतःची संमती हवी असं त्या कलमात लिहिलेलंच नाही! म्हणजे पालकाने गर्भपात करा म्हटलं आणि मुलीला नको असलं तर कलमाच्या शब्दांत तिला जागाच नाही. मला ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने एका चौदा वर्षांच्या मुलीला परवानगी नाकारली. २२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिली, तेव्हा गर्भ सुमारे तीस आठवड्यांचा होता. आठवड्याभरात मुलीच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांचं मन बदललं आणि आदेश मागे घेतला गेला. त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर ते महत्त्वाचं मानून निर्णय करायला हवा. खटल्यापर्यंत पोहोचलेल्या मुलीला याचा आधार आहे. तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या मुलीला अजून नाही.

म्हणून माझं म्हणणं: पालकाची सही राहू द्या, पण तिच्याशेजारी मुलीची सहीही सक्तीची करा.

रानजाई

वकीलबाई, काकाचा मुद्दा खरा आहे आणि त्याने मला रात्रभर झोप लागली नाही. पण काकाला ओळखण्याचं काम सही करत नाही. करणारा सख्खा बाप असला तर त्याचीच सही तुम्ही घेणार ना? ओळखायचा एकच मार्ग मला माहीत आहे. सोबतच्या माणसाला "जरा केसपेपर काढून आणा" म्हणून बाहेर पाठवायचं आणि मुलीशी एकटीने बोलायचं. दहा मिनिटं पुरतात. एका मुलीने तोंडाने काहीच सांगितलं नाही, नुसती दाराकडे बघत राहिली, तेवढ्यावरून आम्ही समजलो. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत "दिलासा" केंद्रं आहेत, तिथे हेच काम शिकलेल्या समुपदेशक करतात. आमच्याकडे वॉर्डात तीस खाटांना आम्ही दोघी.

माजलगावची_बाई

बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. तुमचे "आई-वडील" आमच्याकडे दिवाळीनंतर घरी नसतात. उचल घेतलेली असते, कोयता घेऊन जोडी कारखान्याच्या फडावर जाते, कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. मुलगी आजीकडे, नाहीतर त्यांच्याबरोबर कोपीत. डिसेंबरात तिला दिवस गेले तर आईला बोलावणं म्हणजे मुकादमाला फोन. म्हणजे मुकादमाला कळलं, म्हणजे टोळीला कळलं, म्हणजे गावाला कळलं. आजीचा अंगठा चालतो हे मला आज इथे वाचून समजलं. आमच्या दवाखान्यात हे कोणी सांगितलेलं नाही.

आणि लग्न झालेल्या पोरींचं काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा हा, आमच्याकडे परिस्थिती याहून वाईट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्याच दुसऱ्या एका निकालापासून अठराखालच्या बायकोशी संबंध हाही बलात्कार. निकाल बरोबर आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्यामुळे सासरचे तिला सरकारी दवाखान्यात नेतच नाहीत, नवरा आत जाईल म्हणून. माझी एक विद्यार्थिनी नववीतून गेली ती पुन्हा शाळेत आली नाही. तिला कोणाकडे नेलं होतं ते मला तिच्या बहिणीकडून कळलं. तो माणूस डॉक्टर नव्हता.

बाबा, तुमच्या लेकी नशीबवान आहेत. पण कायदा तुमच्या घरापुरता नाही.

शिकागोकर

इलिनॉयमध्ये सतरा वर्षं आहे. इथे २०१३ पासून नियम होता: मुलीची संमती पुरेशी, मात्र डॉक्टरने अठ्ठेचाळीस तास आधी घरातल्या एका मोठ्या माणसाला कळवायचं. आई-वडीलच नव्हे, आजी-आजोबाही चालत. ज्या मुलीला तेही शक्य नाही ती न्यायाधीशाकडे जाऊ शके. ही न्यायाधीशाची वाट १९७९ च्या बेलोटी विरुद्ध बेअर्ड या निकालातून अमेरिकेत रुळली. १ जून २०२२ पासून इलिनॉयने कळवण्याचा नियमच काढून टाकला.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. खरं सांगायचं तर नियम गेला तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. कळवणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीत आईबापाच्या हातात नकार असतो, कळवण्यात फक्त माहिती असते. भारतात मधली वाट म्हणून मुलीची संमती आणि तिने निवडलेल्या एका नातेवाईकाला कळवणं, हे मला जमण्यासारखं वाटतं. न्यायाधीशाची वाट मात्र नको. तारखा पडत राहतील आणि आठवडे उलटतील.

डॉक्टर_तालुका

न्यायाधीश नको याला पूर्ण अनुमोदन. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीत वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं लागतं, आणि चोवीसपर्यंतची मुदत ज्यांना मिळते त्यांत अल्पवयीन मुली आहेत. एवढी मुदत दिली ती या मुली उशिरा सांगतात म्हणूनच. ती फायलींत जायला नको.

दोन_मुलींचा_बाबा

सगळं वाचलं. माजलगावच्या बाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सही आईबापाचीच, हे माझं मत बदललेलं नाही. मुलीचीही सही घ्या, हे मान्य. आजी-मावशीची सही फक्त आईबाप नसतील किंवा त्यांच्यापासून धोका असेल तरच, आणि तो धोका आहे की नाही हे ठरवायला ताई म्हणतात तशी मुलीशी एकटीने बोलणारी बाई प्रत्येक तालुक्याला हवी. ती कधी येणार, हे कोणी सांगेल का?

काल जेवताना मोठीला विचारलं, "तुझ्यावर कसलंही संकट आलं आणि मला सांगता येत नसेल, तर कोणाला सांगशील?" ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, आत्याला. मी जेवण झाल्यावर बहिणीला फोन केला. म्हटलं, कधी असा फोन आला तर आधी तिच्याबरोबर जा, मला नंतर सांग.